सव्वा फुटाचा जोड

…आणि वर मलाच म्हणायचं, "सगुणावैनी, तुम्ही फार खोलात शिरता." आता तुम्हीच सांगा, खोलात कोण शिरलं? तीन महिने मोटारीखाली पाठ टेकून कोण पडलं होतं, मी का आत्मारामभावजी? मी आपली बाहेर उभी असायची. कधी वाटी परत द्यायला, कधी कढीपत्ता मागायला, कधी आमचे हे इकडे आलेत का बघायला, आणि आमचे हे घरी घोरत पडलेत हे मला ठाऊक असायचं, पण बघायला काय जातं. बरं, शेजारचा माणूस आपल्या घरापुढच्या खळ्यात अख्खी मोटार बनवतोय म्हटल्यावर शेजारणीने काय करावं, डोळे मिटून पुढे जावं? तुम्ही गेला असतात? मला काय करायचंय म्हणा, पण गडगा आमचा ना.

गडगा कुठे आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई उगाच दगडांवरून भांडतेय. भाट्याचा पूल ओलांडून वर चढलात की सड्यावर आमची वाडी. वाडी वर, आणि देऊळ नि पालखी बसवायचा चौथरा, सहाण म्हणतो ती, खाली, खाडीच्या काठाला. उतरायला दोन वाटा. एक पाखाडी, शंभरावर पायऱ्या, एका पायरीची उंची दुसरीला ठाऊक नाही. दुसरी जुनी बैलगाडीची वाट, कलमांच्या बागांमधून जाते, दोन्ही अंगांना जांभ्या दगडाचे गडगे नि मध्ये मोजून पाच फूट. डावा गडगा आमचा, उजवा आत्मारामभावजींचा. आणि शेवटच्या वळणावर गडगा कुणाचाच नाही, कारण तिथे गडगा घालायला जमीनच नाही. वाट संपते तिथून खाली तीस फुटांवर सरळ खाडी. हे वळण लक्षात ठेवा. म्हणजे नाही ठेवलंत तरी मी सांगणारच आहे परत.

आता मोटार कशाला, तर काशीसाठी. काशी म्हणजे भावजींची बायको. आम्ही दोघी एकाच वर्षी ह्या वाडीत लग्न होऊन आलो, एकाच विहिरीवर रडलो, त्यामुळे मी तिला अहोजाहो करत नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच विहिरीवर काशी घसरली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जखम भरली, सगळं झालं, फक्त गुडघा वाकायचा विसरला. पाय सरळ तो सरळच. पडवीत बसली की पाय असा पुढे, रेल्वेच्या फाटकासारखा आडवा, येणाऱ्याजाणाऱ्याने ओलांडून जायचं. घरात काठी घेऊन फिरते, सगळं करते, पण पाखाडी उतरणं संपलं.

तुम्ही म्हणाल, शिमग्याला पालखी घरोघर येते, मग देव भेटतोच की. भेटतो, कोण नाही म्हणतंय. पण आमच्याकडे बायका ओट्या भरतात त्या खाली सहाणेवर, पालखी तिथे बसलेली असताना. मुंबईच्या सुना, माहेरवाशिणी, म्हाताऱ्या, सगळ्या त्या एका दिवशी तिथे. कुणाचं कुठे जमतंय, कुणाचं कुठे फिसकटलंय, कुणी कुणाशी बोलणं टाकलंय, सगळा हिशेब सहाणेवर. काशीला देव घरी भेटत होता हो, माणसं भेटत नव्हती. पहिल्या वर्षी चौघांनी तिला खुर्चीत बसवून खांद्यावर खाली नेली. ती तिथे गेली, ओटी भरली, एक शब्द बोलली नाही, आणि घरी येऊन मला म्हणाली, "सगुणे, चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं. परत नको." दुसऱ्या वर्षी रिक्षा आणली. रिक्षा वाटेत मावते, पण काशीचा पाय रिक्षात मावत नाही. तो बाहेर येतो. आणि बाहेर आमचा गडगा. दहा पावलांत रिक्षावाला थांबला, म्हणाला, "मावशी, एकतर पाय आत घ्या नाहीतर गडगा मागे घ्या." तिसऱ्या वर्षी ती पडवीतच बसली आणि खालचे ढोल ऐकत राहिली. मी ओटी भरून वर आले, तिला कोण काय बोललं ते सगळं साग्रसंगीत सांगितलं, तर म्हणते कशी, "तू सांगतेस त्यातलं निम्मं तुझं असतं."

त्याच संध्याकाळी आत्मारामभावजी खळ्यात उभे राहून पायाने जमिनीवर चौकोन आखत होते. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "मोटार."

भावजी तीस वर्षं बोटीवर, इंजिनरूममध्ये. आता बोटीवर हे नक्की काय करायचे ते वाडीत कुणालाच माहीत नाही, पण कशालाही हात लावला की म्हणतात, "आम्ही बोटीवर असं करायचो." विहिरीचा पंप बिघडला, आम्ही बोटीवर. मिक्सर बंद पडला, आम्ही बोटीवर. काशीच्या फोडणीला धूर झाला तरी आम्ही बोटीवर. पण हाताला जश आहे, खोटं कशाला बोलू. नऊ महिने हिंडून एका छोट्या टेम्पोचं भंगारातलं इंजिन आणलं, त्याचंच स्टेअरिंग, त्याचीच चाकं, सांगाडा कापून साडेचार फुटांत बसवला. आरटीओच्या कचेरीत जाऊन विचारूनही आले. तिथल्या माणसाने स्पष्ट सांगितलं, काका, ही सरकारी रस्त्यावर आणायची नाही, दिसली तर उचलू. हे म्हणाले, "साहेब, आमची मोटार सरकारी रस्ता ओळखतसुद्धा नाही. घरातून निघणार, बागेतून जाणार, देवळाशी थांबणार."

सगळं जमलं, आणि सीटवर अडलं. काशीचा पाय सरळ मावायला हवा म्हणून सीट मागे सरकवली. सीट म्हणजे एकच फळी, दोघांची मिळून. त्यामुळे काशी मागे गेली तसे भावजीही मागे गेले. ब्रेक-क्लच त्यांनी मागे आणले, पण स्टेअरिंग राहिलं पुढे. सव्वा फूट पुढे! भावजी बसले, हात लांब केले, नाही पोचले. कंबरेतून वाकले, तेव्हा कुठे बोटं टेकली. समोरून बघणाऱ्याला वाटावं, माणूस साष्टांग घालायला निघालाय आणि मध्येच विचार बदललाय. मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. काशी पडवीतून म्हणाली, "सगुणे, माझा नवरा आहे तो. आधी मला हसू दे."

म्हणजे आता दांडा वाढवायला हवा. स्टेअरिंगच्या चाकापासून खालच्या पेटीपर्यंत जो लोखंडी दांडा जातो ना, तो. तो फिरला की पेटी फिरते, पेटी फिरली की पुढची चाकं वळतात. मी सातवी पास आहे, पण एवढं मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं, कारण मी विचारते. न विचारता राहणाऱ्या माणसाला काय कळणार? भावजी दांडा घेऊन मिरजोळ्याला एमआयडीसीत दादू टर्नरकडे गेले, तो म्हणाला, "होईल, पण आठ दिवस ठेवून जा, हातात कामं आहेत." आणि सहाणेवर पालखी बसायला राहिले होते सात दिवस. भावजी परत आले. दांडा घेऊनच आले.

त्या दुपारी त्यांच्या खळ्यात ठिणग्या उडाल्या. मी गेले तोवर ठिणग्या संपल्या होत्या आणि भावजी दांड्याला काळा रंग देत होते. इतका सुंदर रंग की दांड्यात तोंड दिसावं. मी विचारलं, "भावजी, कमी पडत होता तो वाढला कसा?" म्हणाले, "इंजिनिअरिंग." मी म्हटलं, "पण जोडलंत कशाने?" म्हणाले, "वैनी, तुम्हाला समजायचं नाही." मला न समजणारी गोष्ट मी सोडून देते, असं ह्या माणसाला तीस वर्षांत कधी दिसलं होतं? आले घरी, पण चैन पडेना. मला काय करायचंय म्हणा, पण गडगा आमचा ना. दुसऱ्या दिवशी कढीपत्त्याच्या निमित्ताने त्यांच्या बागेच्या पंपाकडे गेले, तर पंपाचा पाईप मला आखूड दिसला. काल टाकीपर्यंत जात होता, आज टाकीच्या अलीकडे थांबून पाण्याची धार लांबून मारत होता. आता पाईप आपणहून आखडत नाही, थंडीसुद्धा नव्हती. पण मी गप्प बसले. हो, मी. म्हटलं बोटीवरचा माणूस आहे, काहीतरी विचार केला असेल.

बुधवारी गाडीचा नारळ. सदूकाकांना बोलावलं. सदूकाका आमच्या वाडीतले सगळ्यात म्हातारे, ऐंशी कधीच मागे पडली, गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं सांगायला नको, पण तुमच्यात कुणी घाटावरचं असेल तर सांगते. काहीही नवीन करायचं, तर म्हाताऱ्याने नारळ हातात धरून देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, आणि प्रत्येक ओळीला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. ज्याचं काम असेल त्याने तर म्हणायलाच हवं, तोंड उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याचा होय आला नाही तर नारळ फुटत नाही. आणि सदूकाकांचं गाऱ्हाणं म्हणजे मोघम नाही. ते आधी विचारून घेतात, काय काय केलंस, कुठे काय लावलंस. म्हणतात, देवाला अर्धवट सांगितलं तर तो अर्धवटच बघतो. मी त्यांच्या मागेच उभी होते. हळूच कानात म्हटलं, "काका, दांडा राहायला नको हां. दांडा घ्या."

काकांनी नारळ धरला, डोळे मिटले.

"बा म्हाराजा, ह्या आत्मारामान सवताच्या हातान ही गाडी केलान हाय, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"तिला चार चाका लावलान, ती चार चाका चार वाटांना न जाता एकाच वाटेन जाऊं देत रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"बिरेक लावलान, तो मारल्यावर लागूं दे, आनि नको तेव्हा लागूं नको दे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." आमचे हे सगळ्यांत जोरात, कारण ह्यांना नारळानंतरचा शिरा दिसत होता.

"आनि ह्या स्टेरिंगचा दांडा कमी पडला, तो वाढवलान, त्याचा जोड तुझ्या साक्षीन पक्का केलान, त्यात कायएक कसूर ठेवलान नाय रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली. आणि मला ऐकू आलं की एक आवाज कमी आहे. तुम्हाला वाटेल वीस जणांत एक आवाज कमी कसा ऐकू येतो. येतो. मी भावजींच्या शेजारी उभी होते आणि माझा एक कान कायम दुसऱ्याच्या घरात असतो. भावजींचं तोंड मिटलेलं. नजर नारळावर. मी कोपराने ढोसलं, "भावजी, तुमचा होय राहिला." काही नाही. सदूकाकांनी एक डोळा उघडला. ओळ परत म्हटली, अक्षर अन् अक्षर तीच, फक्त जरा सावकाश. वाडी म्हणाली, होय म्हाराजा. भावजी गप्प.

आता बघा हां, हाच माणूस मला तोंडावर इंजिनिअरिंग म्हणाला होता. आमच्या ह्यांना म्हणाला होता, शंभर वर्षं टिकेल. गावाला, बायकोला, शेजारणीला काहीही सांगता येतं हो. पण सदूकाका नारळ घेऊन उभे राहिले की तिथे नाही सांगता येत. आमच्या वाडीत कोर्टात खोटं बोलून आलेली माणसं आहेत, नावं घेत नाही, पण गाऱ्हाण्याला त्यांचीही जीभ टाळ्याला चिकटते.

काकांनी नारळ खाली ठेवला. "आज नाय फुटायचा," म्हणाले, आणि टोपी काढून बसले.

पडवीतून काशी उठली. काठी टेकत, पाय सरळ ठेवून, एक एक पाऊल टाकत खळ्यात आली. "अहो, काय केलंत त्या दांड्याला?"

"जोडलाय."

"कशाने?"

"पाईप घालून. वरून वेल्डिंग केलंय."

"कसला पाईप?"

भावजी माझ्याकडे बघायला लागले, जसा काही तो मीच दिला होता. मग म्हणाले, "पंपाचा. बागेतल्या."

मी तोंड उघडलं होतं, पण काशीने हात वर केला. मग शांतपणे म्हणाली, "तीन वर्षं मी थांबलेय ती सहाणेवर जायला. खाडीत जायला नाही. काढा तो." आणि वळून पडवीत गेली. त्या वळणाचं ती एकटीच बोलली, बाकी सगळ्यांच्या डोक्यात होतंच. ते शेवटचं वळण, गडगा नाही, तीस फूट खाली खाडी, आणि फळीवर हे दोघं. खरं सांगते, त्या क्षणी मला आमचा गडगा आठवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी दांडा पिशवीत घालून मिरजोळ्याला निघाले. मीही बाजारात निघालेच होते. आता बाजार एकीकडे नि मिरजोळं दुसरीकडे, पण रिक्षा तिकडे वळली त्याला मी काय करणार? दादू टर्नरने दांडा हातात घेतला, रंगावरून अंगठा फिरवला, म्हणाला, "रंग झकास दिलात." मग नखाने जोडाजवळ खरवडलं. "हा पाण्याचा पाईप ना? जस्त चढवलेला?"

भावजी म्हणाले, "वेल्डिंग चांगलं आहे. अरे, अख्खं जहाज वेल्डिंगवर उभं असतं. आम्ही बोटीवर—"

"बोटीचं वेल्डिंग कोण करतो, काका? परीक्षा पास झालेला वेल्डर. आणि नंतर त्या जोडाचा आतला फोटो काढतात. तुमच्या पायपाचा काढलाय?"

भावजी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले.

दादूने दांड्याचं एक टोक पकडीत आवळलं, दुसऱ्याला चार फुटांचा लोखंडी पाईप आडवा अडकवला, म्हणाला, "दाबा. गाडी खड्ड्यात अडकली आणि तुम्ही चाक ओढताय, एवढंच दाबा. अंगावर येऊ नका." भावजींनी दोन हातांनी दाबलं. दाबलं म्हणजे काय, नुसता भार दिला. कट् असा आवाज आला. फार मोठा नाही, सुपारी फोडल्यासारखा. दांडा फिरला, जोडाचा पाईप जागेवर राहिला. वेल्डिंगची अख्खी कड सुटली होती, आणि आत बघितलं तर फोडच फोड, घावन बिघडल्यावर दिसतो ना तसं. तो दांडा आदल्या दिवशी नारळ फुटला असता तर काशीला घेऊन उतारावर निघाला असता.

भावजी एका पत्र्याच्या डब्यावर बसले. तुकडा हातात घेऊन बघत राहिले. मी काही बोलले नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाडीत कुणाचा विश्वास बसत नाही, पण दादूला विचारा, मी काही बोलले नाही. मी पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. ते घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "वैनी, मला माहीत होतं. रंग देताना माहीत होतं. म्हटलं एवढा एक उतार तर आहे." मग बाटलीचं झाकण लावत, "पालखी थांबत नाही ना कुणासाठी."

दादूने हातातलं दुसऱ्याचं काम बाजूला ठेवलं, म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी देतो. पण मी सांगेन तसं. मधलं लोखंड कापून जोडायचं नाही. बाजारात तयार मिळतो तो दांडा घेऊ, दोन्ही टोकांना दाते पाडलेला, कंपनीतून आलेला." आणि जोडायचं कसं, तर क्रॉस घालून. क्रॉस म्हणजे आपल्या मनगटासारखा लोखंडी सांधा, फिरतोही नि वाकतोही. एक वर, एक खाली. मी विचारलं, सरळ एकच दांडा घातला तर काय बिघडलं, सांधे कशाला मधे? भावजी कपाळाला हात लावणार होते, पण दादू म्हणाला, "वैनी, बरोबर विचारलंत." ऐकलंत? बरोबर विचारलंत. हे मी आमच्या ह्यांना चार वेळा सांगितलं. तर दादू म्हणाला, सरळ दांडा असला नि गाडी समोरून गडग्यावर आपटली, तर दांडा मागे येतो आणि चालवणाऱ्याच्या छातीत बसतो. दोन सांधे घेऊन जरा तिरका नेला की तो मोडून पडतो, माणसात शिरत नाही. पण सांधे आले की दांडा लटपटायला लागतो, म्हणून मध्ये एक बेअरिंग हवं, सांगाड्याला घट्ट धरलेलं. ते नसलं तर दांडा पिसाळतो. आणि वरच्या सांध्याच्या बेचक्याची शिंगं नि खालच्याची शिंगं एका रेषेत हवीत, नाहीतर चाक एकदा हलकं लागतं, एकदा जड. आणि बोल्ट असा की दांड्यात खाच पाडून त्या खाचेतून आरपार जाईल, म्हणजे उद्या सैल झाला तरी दांडा निसटणार नाही. भावजी सगळं ऐकत होते, मान हलवत होते, एकदाही बोटीवर गेले नाहीत.

शनिवारी मी परत बाजारात निघाले. तोच बाजार. नवा दांडा पकडीत लावलेला होता, आणि त्याच्या अंगावरून खडूने वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारलेली. दादू म्हणाला, आता दोघांनी लटका, दांडा आतून पिळला गेला तर रेघ वाकडी होईल. दोघांनी म्हणजे भावजींनी नि मी. म्हणाला, "वैनी, तुमचं वजन किती?" मी म्हटलं, "वजनाचं काय घेऊन बसलास, पिशवीसकट लटकते." लटकलो. त्याच चार फुटी पायपाच्या टोकाला तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस, त्याच्या अलीकडे मी नि पिशवीत दोन किलो कांदे. दांडा हलला नाही. रेघ मारली तशी होती. भावजींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, दोनदा. मग दादूने प्रत्येक बोल्ट आवळून त्याच्यावर नि शेजारच्या लोखंडावर मिळून एक लाल रेघ ओढली, म्हणजे बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसणार. रंग संपला होता, म्हणून आमच्या लेकीची, तेजस्वीची, नेलपॉलिश वापरली. ती माझ्या पिशवीत कशी होती, ते विचारू नका, तेजस्वी अजून शोधतेय.

रविवारी सकाळी परत नारळ. सदूकाका दांड्याच्या ओळीवर आले, "जोड तुझ्या साक्षीन—" एवढंच म्हणाले आणि भावजी ओरडले, "होय म्हाराजा!" काका म्हणाले, "मेल्या, वाक्य तरी होऊं दे." नारळ एका फटक्यात फुटला.

काशी फळीवर बसली. नऊवारी नेसलेली, नाकात नथ, मांडीवर ओटीची परडी, पाय पुढे सरळ, आणि पायापुढे अजून वीतभर जागा. शेजारी भावजी, ताठ बसलेले, स्टेअरिंग बरोबर छातीसमोर. मी पुढे चालत होते, उलटी, म्हणजे तोंड गाडीकडे नि पाठ उताराकडे, कारण चाकं वळतात की नाही ते कुणीतरी बघायला नको? आमचे हे मागून ओरडत होते, "अगो, पुढे बघ, पडशील." पण मी चाकांवरची नजर काढली नाही. मला काय करायचंय म्हणा, पण गडगा आमचा ना. पाच फुटांत साडेचार फूट, दोन्हीकडे चार चार बोटं, आणि भावजींनी एक दगड हलवला नाही. आमचा सोडा, स्वतःचासुद्धा नाही.

वळणाच्या अलीकडे भावजींनी ब्रेक लावला. गाडी थांबली. खालून ढोल ऐकू येत होते. ते उतरले, वाकले, बोल्टांवरच्या लाल रेघा एक एक करून बघितल्या, परत चढले, हात पुसले, परत उतरले आणि परत बघितल्या. काशी समोर खाडीकडे बघत होती. भरती होती, पाणी पार वरपर्यंत आलेलं. ती म्हणाली, "झालं का बघून?"

"झालं."

"मग चला. ओटीचे तांदूळ सांडतायत."

भावजींनी चाक फिरवलं. सावकाश, दोन्ही हातांनी. पुढची चाकं वळली, जेवढी हवी तेवढीच, आणि गाडी वळणावरून अशी गेली की जणू तिथे पूर्वीपासून रस्ता होता. वळण संपल्यावर मला कळलं की मी सदूकाकांच्या पायावर उभी आहे.

सहाणेवर गाडी थांबली तेव्हा ढोलवाले थांबले. बायकांनी गाडीला गराडा घातला. काशी उतरली, आधी पालखीची ओटी भरली, हात जोडले, आणि मग जी बोलायला सुरुवात केली ती दोन तास. तीन वर्षांचं साठलेलं. कुणाच्या सुनेला विचारलं, तुझी सासू बरी आहे का, का अजून तशीच. दोघी जावा चार वर्षं बोलत नव्हत्या, त्यांना एका नारळाच्या दोन भकलांवरून बोलायला लावलं. भावजी लांब आंब्याखाली गाडीशी उभे होते. कुणी विचारलं, काय हो, कशी केलीत? म्हणाले, "दादूने केलं. मी रंग दिला."

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही? पण आमच्या वाडीत बिघडलेले गुडघे काय एकट्या काशीचे आहेत? दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपुढे नऊ म्हाताऱ्या. एकीला देवळात जायचंय, एकीला लेकीकडे खालच्या वाडीत, एकीला कुठेच जायचं नाही, नुसतं बसून बघायचंय. भावजींनी मागे दोघी-तिघींसाठी अजून एक फळी बसवली, आणि काशी पुढच्या फळीवर वही घेऊन बसते आणि नंबर लावते. पाय पुढे, वही मांडीवर, बोलायला एक मिनिट फुरसत नाही. भावजी रोज चार फेऱ्या मारतात. आणि पहिल्या फेरीआधी रोज सकाळी बोल्टांवरच्या लाल रेघा कुणी तपासायच्या? भावजी म्हणतात, "माझ्यावर नको सोडू, मी एकदा रंग दिलाय." काशी म्हणते, "सगुणाच बघेल, तिची नजर चुकत नाही." म्हणून रोज सहाला मी बॉनेटखाली डोकं घालून उभी. तेव्हा कुणी म्हणत नाही, वैनी, तुम्ही फार खोलात शिरता.

परवा म्हटलं, एवढं करते तर एकदा आपणही बसून जावं. काशीला म्हटलं, माझाही गुडघा हल्ली कुरकुरतोय गो. तिने चष्म्यावरून बघितलं, वही चाळली, म्हणाली, "बुधवारनंतर बघू. तुझा नंबर अकरावा."